मदत हवी आहे: डुकराच्या केसांचा दाढीचा नवीन ब्रश रुळवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

प्रश्न दाढीच्या ब्रशचा आहे, पण दाढी माझी नाही, वडिलांची आहे. अण्णा ७८ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. तेव्हापासून एक दिवसाआड मीच त्यांची दाढी करतो. मशीन लावून पाहिलं, तर मान फिरवतात. ट्यूबमधलं जेल लावलं, तर डाव्या हाताने पुसून टाकतात. त्यांना ब्रशच लागतो, आणि तो गालावर फिरतोय हे कळलं पाहिजे. बोलणं अजून नीट उमटत नाही, तरी सिंथेटिकचा गुळगुळीत ब्रश फिरवला तेव्हा त्यांनी "खरखरीत" हा शब्द दोनदा म्हणून दाखवला.

त्यांचा जुना ब्रश मिरजेहून येताना सोबत आणलेला. लाकडी मूठ, वरचा रंग उडालेला, केसांच्या मधोमध खळगा पडलेला. गेल्या महिन्यात झुबकाच मुठीतून सुटून माझ्या हातात आला. दुरुस्त होईल असं वाटलं नाही, म्हणून शोधून डुकराच्या केसांचा नवा मागवला. इटलीहून आलेला आहे. पट्टीने मोजला: झुबका बुडाशी २४ मिलिमीटर, केस मुठीच्या वर साधारण ५५ मिलिमीटर.

आता झालेली चूक सांगतो, कारण मला वाटतं सगळं तिथेच बिघडलं. कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं की नवा ब्रश "गरम पाण्यात भिजवायचा". मी केटलीतलं उकळतं पाणी मगात ओतलं, ब्रश मुठीपर्यंत बुडवला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पाणी पिवळसर झालेलं आणि मोरीत ओल्या शेळीसारखा वास.

त्यानंतर चार वेळा वापरला. ब्रश कोरडा असताना झाडूसारखा कडक, भिजवल्यावर थोडा नमतो, पण टोकं टोचतात. अण्णांची कातडी आता पातळ झाली आहे, शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. परवा हनुवटीखाली नुसत्या ब्रशने लाल रेघा उठल्या. पातं अजून लावलंही नव्हतं. दाढी तिथेच थांबवली, चेहरा पुसला. ते काही बोलले नाहीत, पण काल मी मग घेऊन आलो तेव्हा त्यांनी डावा हात हनुवटीवर ठेवला. ते बघवलं नाही.

दुसरी अडचण फेसाची. वाटीत फेस छान फुगतो, पण गालावर नेईपर्यंत बसतो. साबण तोच, गोदरेजची गोल वडी, जी मिरजेला त्यांनी कित्येक वर्षं वापरली. आता मात्र फेस येतो आणि मिनिटभरात पांढरट पाणी होऊन गळ्यावर ओघळतो. ब्रश फेस पिऊन टाकतो की काय?

शिवाय केस गळतात. पहिल्या दिवशी अकरा मोजले, नंतर पाच, सहा, चार.

माझे प्रश्न: उकळत्या पाण्याने ब्रश कायमचा गेला का? नसेल, तर किती दिवसांत मऊ होईल? टोकं टोचतात म्हणून कात्रीने अर्धा मिलिमीटर छाटली तर चालेल का? आणि घरातली एक गोष्ट: आई माळकरी आहे. केस कशाचे हे तिला सांगितलं आहे. ती रागावली नाही, फक्त ब्रश बेसिनपाशी न ठेवता मोरीवरच्या कोनाड्यात ठेव म्हणाली. तिथे तो दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो. त्याने काही बिघडतं का?

आम्ही वाघोलीला राहतो. पावसाळा सुरू झालाय, एवढं लक्षात घेऊन सांगा.

प्रतिसाद १

दादा, आधी कात्री परत डब्यात ठेवा. डुकराच्या केसाचं सगळं मोल त्याच्या टोकात असतं. ते टोक निसर्गतःच दोन-तीन धाग्यांत फाटलेलं असतं आणि वापराने आणखी फाटत जातं. ब्रश रुळतो म्हणजे नेमकं हेच होतं: बुंधा ताठ राहतो, शेंडा मऊसूत होतो. शेंडा छाटलात तर हाती खुंट उरतील, आणि ते जन्मभर टोचतील.

उकळतं पाणी वाईटच, पण एकदा झालं म्हणून ब्रश टाकू नका. आपल्या केसांसारखाच हा केरॅटिनचा केस आहे, फार तापला की रुक्ष होतो. मला काळजी केसांपेक्षा मुठीतल्या गोंदाची वाटते. गळलेले केस पट्टीवर ठेवून बघा. केस बाहेर दिसतो त्याहून लांब भरला, तर तो गोंदातून सुटून आलाय. तोकडा असेल तर मधेच तुटलाय, म्हणजे ब्रश जोराने दाबून घासला जातोय. पहिल्या आठवड्यात चार-पाच केस जाणं नेहमीचं आहे. तुमचा आकडा उतरतोय, हे चांगलं लक्षण. पुंजकाच हातात आला तर मात्र गोंद गेला असं समजा.

आता पद्धत. शाम्पूचे दोन थेंब घेऊन कोमट पाण्यात ब्रश धुवा, वासासाठी. मग रोज रात्री फक्त केस, मूठ नाही, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. कोमट म्हणजे बाळाला आंघोळ घालता येईल एवढं. पाणी झटका, ओल्या साबणावर अर्धा मिनिट फिरवा आणि तळहातावर फेस करा. बोटांनी केस पसरून फेस आत, बुडापर्यंत जाऊ द्या. तसाच फेसासकट तास-दोन तास उभा ठेवा, मग धुवा, झटका, टॉवेलवर हलकेच पुसा आणि पूर्ण सुकू द्या. भिजणं जितकं महत्त्वाचं, तितकंच सुकणंही, म्हणून कोनाडा नको. आईंना सांगून गॅलरीत दोरीवर टांगा, वारा लागला पाहिजे. सतत ओला राहिला तर बुरशी धरेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे रुळवणं अण्णांच्या गालावर करू नका. तुमचा तळहात आहे, तुमचा गाल आहे. आठ-दहा दिवस तिथे करा. माझा ब्रश पोर्तुगालच्या सेमोग कंपनीचा आहे, त्याला मनासारखा व्हायला वीसेक दाढ्या लागल्या. पण टोचणं पहिल्या सात-आठ वेळांतच गेलं होतं.

प्रतिसाद २

तुम्ही वाघोली म्हणालात म्हणून विचारतो, सोसायटीत टँकरचं पाणी येतं का? की बोअरचं? आम्ही त्याच बाजूचे. नळांवर पांढरा थर बसत असेल तर फेसाचं दुखणं ब्रशचं नाही, पाण्याचं आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका करतात. साबण त्यातच खर्ची पडतो, फेसाला उरत नाही. वडीच्या साबणाला हे जास्त बाधतं.

एकदाच करून बघा. स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं पेलाभर पाणी घ्या. त्यातच ब्रश भिजवा, त्यातच फेस करा. बाकी काही बदलू नका.

नवा ब्रश फेस "पितो" हेही खोटं नाही. केस आतून कोरडे असले की फेसातलं पाणी ओढून घेतात. पण ते दहा मिनिटं भिजवल्याने भागतं.

प्रतिसाद ३

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत म्हणून दोन शब्द. मी माझ्या सासऱ्यांची दाढी चार वर्षं केली. आधी कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल दोन मिनिटं गालावर ठेवा, मग ब्रश. तो गोल गोल घासू नका, भिंतीला रंग देतो तसा वर-खाली फिरवा, नुसत्या टोकांनी. पातं नवीन घ्या आणि केसांच्या दिशेनेच चालवा, उलटं नको. कापलंच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका. तेवढ्याने थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. लाल रेघा पूर्ण जाईपर्यंत दाढी राहू द्या. चार दिवस खुंट वाढले तर काही बिघडत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सोळावा दिवस, म्हणून सविस्तर लिहितो.

गळलेले केस मोजले. सातांपैकी पाच तोकडे निघाले, म्हणजे मीच दाबत होतो. गोंद शाबूत आहे. गेल्या सहा दिवसांत एकच केस गेला.

पाण्याचं तंतोतंत खरं निघालं. आमच्याकडे टँकरच येतो. फिल्टरच्या पाण्यात त्याच वडीचा, त्याच ब्रशने फेस केला आणि घड्याळ लावलं: आठ मिनिटांनीही तळहातावर दह्याच्या कवडीसारखा उभा. मी पंधरा दिवस ब्रशला बोल लावत होतो. आता अण्णांच्या मगात फिल्टरचंच पाणी असतं.

अकरा रात्री तळहातावर रुळवला. वास चौथ्या दिवशी गेला. नवव्या रात्री पहिल्यांदा वेगळा लागला, टोकं बोटांवर पसरली आणि टोचली नाहीत. उजेडात धरून पाहिलं, शेंडे खरंच फाटलेले दिसतात, कणसाच्या केसांसारखे. मग दोनदा माझ्या गालावर वापरला आणि परवा अण्णांच्या.

टॉवेल ठेवला, वर-खाली फिरवला, अजिबात दाबला नाही. रेघ उठली नाही. डाव्या गालावर फेस लावून झाल्यावर मी थांबलो, तर त्यांनी माझं मनगट धरून ब्रश पुन्हा त्याच गालावर नेला. थोडा वेळ तसाच धरून फिरवत राहिले. मी हात सैल सोडला.

आईने दोरीला जागा दिली आहे, तुळशीच्या कुंडीपासून लांबच्या टोकाला.

आता शेवटचं विचारतो. या हवेत दोरीवरही ब्रश एका दिवसात पुरता सुकत नाही, बुडाशी बोट घातलं तर गार लागतं. एक दिवसाआड दाढी आहे, मधला दिवस पुरेल का? की दुसरा ब्रश घेऊन आलटून-पालटून वापरू?

प्रतिसाद १

मधला दिवस पुरतो, पण पंख्याखाली टांगा. पावसाळाभर रात्रीचं भिजवणं बंद करा, आता त्याची गरज नाही. दुसरा घ्यायचाच असेल तर आजच मागवा आणि तुमच्या तळहातावर सुरू करा, म्हणजे गणपतीपर्यंत तोही अण्णांच्या गालाजोगा होईल.