खमीस: पोर्तुगीज की अरबी?

काजबटण: शिवणकामातला प्रत्येक शब्द पोर्तुगीजांच्या नावावर खपवायची आपल्याकडे खोडच आहे. काज, फीत, इस्त्री इथवर ठीक. पण त्याच रांगेत खमीस (शर्ट) बसवतात ते पटत नाही. अरबी 'कमीस' थेट कुराणातल्या यूसुफच्या कथेत आहे. बहमनी राज्य १३४७चं, म्हणजे दख्खनच्या दरबारात फारसी तेव्हापासून. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१०मध्ये. सदरा (अरबी सद्र म्हणजे छाती), विजार (इजार), पायजमा, तुमान ज्या वाटेने आले त्याच वाटेने खमीस आला.

फोंडेकर: तारखेवरून वाट ठरत नाही. शब्द दरबारात माहीत असणं वेगळं, शिंप्याच्या तोंडी रुळणं वेगळं. गोव्यात खमीस वावरतो तो काज, बुतांव (बटण), बोल्स (खिसा), कालसांव (विजार) यांच्यात. सगळं बिऱ्हाड पोर्तुगीज आणि कर्ता तेवढा अरबी?

काजबटण: मग ध्वनी तपासा. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधल्या 'स'चा उच्चार 'झ' होतो. लिहितात 'कासा', म्हणतात 'काझा', म्हणून आपल्याकडे काज. त्याच न्यायाने शर्टाला पोर्तुगीज शब्द 'कामिसा', उच्चार 'कामिझा', त्याचा शेवटचा आ गळून कमीज व्हायला हवं. हिंदीत नेमकं तेच रूप आहे, वर पोर्तुगीजसारखंच स्त्रीलिंगी. मराठी-कोकणीत मात्र 'स' शाबूत.

अक्षरओळख: आणि 'ख'चं काय? कलम, किल्ला, कबूल या सगळ्यांत अरबी काफचा (घशातून उच्चारायच्या 'क'च्या अक्षराचा) 'क'च झालाय.

काजबटण: बुरखा विसरलात. तिथे काफचाच 'ख' झाला.

अक्षरओळख: खुर्चीत साध्या 'क'चाही झालाय. म्हणजे 'ख' कुणाचाच साक्षीदार नाही, तो सोडून द्या. हिंदीचा पुरावाही वाटतो तितका साफ नाही. उर्दूत हा शब्द 'स्वाद'ने ('स'चं अक्षर) लिहितात तसा 'ज़्वाद'नेही ('झ'चं अक्षर), तेव्हा 'ज' पोर्तुगीजांनीच आणला असं छातीठोक म्हणता येणार नाही. 'स'चा मुद्दा मात्र वजनदार आहे, त्याला फोंडेकरांनी उत्तर द्यावं.

फोंडेकर: उत्तर सोपं आहे. अरबी आणि पोर्तुगीज दोन्ही शब्द उशिराच्या लॅटिनमधल्या 'कामिसिया'चेच वंशज. कोकण किनाऱ्यावर अरब व्यापारी आधीपासून होते, पोर्तुगीज नंतर आले. कानाला ओळखीचा उच्चार टिकला, कपडा नवा आला. तुम्ही उच्चाराचं मूळ सांगताय, मी कपड्याचं.

काजबटण: हा निसटायचा रस्ता झाला! मग बनियनला काय म्हणाल? मूळ गुजराती 'वाणियो', म्हणजे वाणी, व्यापारी. पोर्तुगीजांकडून तो शब्द इंग्रजांकडे गेला, तिकडे सैल घरगुती झग्याचं नाव झाला आणि इथे अंगालगतचा कपडा होऊन बसला. कपडा पाहिला तर गुजरातचा संबंधच उरत नाही.

फोंडेकर: म्हणूनच कोशात मूळ आणि वाट वेगवेगळ्या नोंदवाव्यात. गंजीफ्रॉकाचंही तेच. गंजिफाच्या (पत्त्यांच्या जुन्या खेळाच्या) पानांशी जोडणारे भेटतात, पण तो इंग्लिश खाडीतल्या गर्न्झी बेटावरच्या खलाशांचा विणलेला 'गर्न्झी फ्रॉक'. शेजारच्या बेटाने जर्सी दिली.

अक्षरओळख: गंजीफ्रॉकावर वाद नाही. खमीसच्या नोंदीत मी अरबी आधी लिहीन.

फोंडेकर: आणि मी पोर्तुगीज.