घरी कार चार्जर बसवायचा आहे: ७.४ घेऊ की ११? जाणकारांनी सल्ला द्यावा

पहिलीच_गाडी

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रिक गाडी बुक केली आहे, तीन आठवड्यांत दारात येईल. घरी चार्जर बसवायचा आहे आणि डोक्याचा पार भुगा झाला आहे. शोरूमवाले म्हणतात ७.४ किलोवॅटचा घ्या. शेजारचे म्हणतात घेतेच आहेस तर ११ चा घे, उद्या गाडी बदललीस तर? एका ठिकाणी २२ चाही दिसला. भाऊ म्हणतो कशाला नसता खर्च, गाडीसोबत येणारी केबल वॉशिंग मशीनच्या सॉकेटला लाव आणि झोप.

घर स्वतंत्र आहे. मीटर जिन्याखाली, गाडी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला गेटपाशी. मधलं अंतर पावलांनी मोजलं, ३० मीटरच्या आसपास भरतं. रोजचं जाणं-येणं ४५ किमी, महिन्यातून दोनदा २०० च्या वर. कोणता चार्जर घ्यावा? कंपनीचं नाव सुचवलंत तरी चालेल.

जुना_वायरमन

ताई, कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी. आधी एवढं सांगा: गाडीतला ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॅटचा आहे, घरात सिंगल फेज की थ्री फेज, मेन एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) किती अँपिअरचा, आणि अर्थिंग शेवटचं कधी तपासलं?

भिंतीवरच्या डब्याला आपण चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. एसीची डीसी तो करतो. भिंतीवरचा डबा म्हणजे अक्कल असलेला स्विच, त्यापलीकडे काही नाही. त्यामुळे गाडी ७.२ घेणारी असेल तर भिंतीला २२ चा डबा टांगून ती एक वॅटही जास्त घेणार नाही. २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर १६ अँपिअरला ३.७ किलोवॅट मिळतात, ३२ अँपिअरला ७.४. ११ आणि २२ हे आकडे थ्री फेजचे. घरात थ्री फेज नसेल तर शेजाऱ्यांचा सल्ला तिथेच संपला.

आता रोजच्या ४५ किमीचं बघू. १०० किमीला साधारण १५ युनिट धरले तर दिवसाला ७ युनिटसुद्धा लागत नाहीत. साडेतीन किलोवॅटने दोन तासांचं काम. गाडी रात्रभर उभीच असते ना?

पहिलीच_गाडी

पत्रक काढून पाहिलं. ऑनबोर्ड ७.२ किलोवॅट. घरात सिंगल फेज, मेन ४० अँपिअरचा. अर्थिंगचं म्हणाल तर डीबीच्या (एमसीबींच्या पेटीच्या) आत हिरवी वायर शिरलेली दिसते, पुढचं देव जाणे. दोन तासांत काम होत असेल तर भावाचंच बरोबर म्हणायचं का? 😀

भाजलेली_पिन

भावाला हा प्रतिसाद नक्की वाचायला द्या.

मी चार महिने नेमकं हेच केलं. गाडीसोबतची पोर्टेबल केबल, मागच्या पडवीतलं जुनं सॉकेट, रोज रात्री ६-७ तास. एके दिवशी सकाळी प्लग ओढला तर येईना. हलवून हलवून काढला तेव्हा फेजची पिन तपकिरी काळी पडलेली, सॉकेटचं त्या बाजूचं भोक वितळून लंबगोल झालेलं, आणि जळक्या प्लास्टिकचा तो वास. एमसीबी शेवटपर्यंत पडला नव्हता.

का पडेल? करंट १५ अँपिअरच होता, जास्त नव्हताच. दोष पकडीत होता. सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झाली होती. त्या जागी ०.१ ओहम जरी रोध आला तरी १५ चा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे २२ वॅट. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. तशी एक इस्त्री रात्रभर सॉकेटच्या पोटात चालू ठेवल्यासारखं ते होतं. वॉशिंग मशीन पाणी तापवताना थोडा वेळ जोर लावतं आणि सोडतं, गाडी सोडत नाही. ती तासन् तास एकाच करंटवर बसून राहते.

पोर्टेबल केबल वाईट नाही, पण तिला स्वतःची वेगळी लाइन, चांगलं औद्योगिक सॉकेट आणि ८ किंवा १० अँपिअरची सेटिंग हवी. आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको, गुंडाळीचा तर नकोच नको.

सर्किटवेडा

+१. सगळे विसरतात अशी एक गोष्ट: ७.४ चा डबा घेतला म्हणजे तो ३२ अँपिअरवरच चालवायला हवा असं नाही. गनमध्ये, म्हणजे गाडीला लावायच्या प्लगमध्ये, जाड पिनांशिवाय दोन बारक्या पिना असतात, त्यातली एक कंट्रोल पायलट. तिच्यावरून डबा गाडीला १००० हर्ट्झचे ठोके पाठवतो. ठोका किती रुंद यावरून गाडीला कळतं की किती ओढायची मुभा आहे. रुंदी ५३ टक्क्यांच्या आसपास असेल तर ३२ अँपिअर, त्याच्या निम्मी असेल तर १६, आणि १० टक्के म्हणजे ६. त्याखाली जात नाही. डब्याच्या आत बारीक स्विच असतात किंवा अ‍ॅपमध्ये सेटिंग असतं, तिथे १६ ठेवलं की गाडी गुमान १६ च घेते.

माझं मत विचाराल तर ताईंनी ३.७ च्या वर जाऊच नये. मेन ४० चा आहे. चार्जर ३२ ओढत असताना कुणी ३ किलोवॅटचा गीझर लावला की आणखी १३ अँपिअर. बेरीज ४५. सकाळी डोक्याला साबण लावलेला आणि घर अंधारात.

जुना_वायरमन

बेरीज बरोबर, निष्कर्ष अर्धाच बरोबर. करंट कमी ठेवा याला माझं अनुमोदन. पण वायर पहिल्या दिवसापासून जाडच टाका. डबा तासाभरात बदलता येतो. अंगण खणून पाइपातून ओढलेली वायर कोणी दुसऱ्यांदा ओढत नाही.

३० मीटर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. आकडेमोड करून देतो, कारण हे कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही:

४ चौरस मिमी: ३२ अँपिअरला जवळजवळ ९ व्होल्ट वाटेतच जातात, २८० वॅट वायर तापवण्यात.
६ चौरस मिमी: ६ व्होल्ट, १९० वॅट.
१० चौरस मिमी: साडेतीन व्होल्ट, ११० वॅट.

हीच ६ ची वायर १६ अँपिअरवर चालवली तर नुकसान ४७ वॅटवर येतं, कारण करंट निम्मा केला की उष्णता चौथाई होते. चार्जिंगला वेळ दुप्पट लागतो हे धरलं तरी युनिटमागे निम्मीच वाया जाते. तुमच्या अंतराला ६ चालेल, मी स्वतःच्या घरी १० टाकली असती. अ‍ॅल्युमिनियम कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. तांब्याच्या टर्मिनलशी त्याचा जोड नीट करणारे हात फार थोडे असतात.

लाइन थेट मेनजवळून घ्या, मधल्या कुठल्या बोर्डातून टॅप नको. ३२ च्या डब्याला ४० चा सी कर्व्ह (सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा) एमसीबी लागतो. पण तुमचा मेनच ४० चा, म्हणून आज डबा १६ वर लावायचा आणि या लाइनला २० चा एमसीबी टाकायचा. पुढेमागे वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून मेन बदललात की एमसीबी आणि सेटिंग तेवढी बदलायची.

आणि आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा. इथे बहुतेक जण फसतात. बाजारात सगळ्यात सहज मिळतो तो एसी प्रकारचा, त्याच्यावर नुसती एक नागमोडी लाट छापलेली असते. तो इथे नको. गाडीच्या चार्जरमधून बिघाडाच्या वेळी डीसी गळती झाली तर या आरसीसीबीचा गाभा त्या डीसीने भरून जातो, आणि मग खरा शॉक बसत असतानाही तो पडत नाही. ए प्रकार घ्या, त्यावर लाटेखाली अर्धे उंचवटेही दिसतात. डब्यात ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारी सोय आहे का ते विचारा. असेल तर ए पुरे. नसेल तर बी प्रकार लागतो, आणि तो बराच महाग. माझ्या लेखी दोन डब्यांतून एक निवडताना हा प्रश्न अ‍ॅप, वायफाय, रंगीत दिवे या सगळ्यांच्या आधी.

बेसमेंट_ब

मध्येच घुसतो. आमची इमारत आहे, पार्किंग दोन मजले खाली, मीटर तळमजल्यावर. इतर रहिवासी म्हणतात कॉमन लाइटच्या पॉइंटवरून घ्या. घेऊ का?

जुना_वायरमन

नको. स्वतःच्या मीटरवरून वेगळी केबल घ्या, ते जमत नसेल तर सबमीटर. इमारतीची परवानगी लेखी. आज तुमची एक गाडी आहे, उद्या दहा होतील, म्हणून केबल ट्रे सगळ्यांच्या सोयीचा एकदाच टाका असं बैठकीत सुचवा. त्या वेळी लोड वाटून देणारी यंत्रणा लागेल. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे ताईंचं राहून जाईल.

पहिलीच_गाडी

खूप धन्यवाद. सगळं वहीत उतरवलं. एक नवीन पेच: काल दोन जण पाहणीला आले. एकाने चक्क सांगितलं, "अर्थिंग नसेल तर चार्जरवर लाल दिवा येतो. काही काळजी करू नका, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, हिरवा होईल." हे ठीक आहे का? बोलताना गडी फार आत्मविश्वासाने बोलत होता.

जुना_वायरमन

त्याला पुन्हा घरात घेऊ नका. मस्करी करत नाही.

लाल दिवा म्हणजे डबा तुम्हाला ओरडून सांगतोय की अर्थ सापडत नाही. त्याचं तोंड बांधायला तिथे न्यूट्रल जोडला की त्याला अर्थ सापडल्यासारखं वाटतं आणि चार्जिंग सुरू होतं. पुढे कधी मागच्या बाजूला तो न्यूट्रल सुटला, स्क्रू सैल होऊन, वायर तुटून, तर घरातल्या चालू उपकरणांतून आलेला फेज त्या जोडातून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. टायर रबराचे, म्हणून गाडीला काहीच होत नाही. पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून दाराच्या हँडलला हात लावणाऱ्याचं काय ते समजून घ्या.

गेटपाशी किंवा मीटरपाशी नवीन अर्थ घालून घ्या आणि अर्थ टेस्टरने मोजलेला आकडा कागदावर मागा. मल्टिमीटरने फेज-अर्थ व्होल्टेज दाखवून "आलं बघा" म्हटलं तर ते पुरेसं नाही. लोंबकळती वायरसुद्धा मीटरवर काहीतरी आकडा दाखवते.

सर्किटवेडा

आणि जागा ठरवण्याआधी गाडीचं चार्जिंगचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते बघा. गनची केबल बहुधा ५ मीटरची असते. गाडी पुढून घालता की मागून, यावर सगळा हिशेब फिरतो. आमच्याकडे डबा डाव्या भिंतीला, झाकण उजव्या मागच्या चाकावर. रोज बॉनेटवरून केबल फेकतो, बायको रोज हसते.

पहिलीच_गाडी

एक महिन्यानंतरचं अपडेट.

गाडी यायच्या आधी शोरूममधल्या तसल्याच गाडीच्या झाकणाची जागा मोजून आले. घरी फरशीवर खडूने गाडी आखली आणि कपडे वाळत घालायची दोरी भिंतीपासून त्या खुणेपर्यंत लावून पाहिली. गेटच्या खांबावरून साडेसहा मीटर, बाजूच्या भिंतीवरून साडेतीन. डबा बाजूच्या भिंतीवर गेला.

अर्थिंगची गंमत ऐका. दुसरा वायरमन वयस्कर होता, फार बोलत नव्हता. त्याने डीबी उघडली, ती हिरवी वायर हळूच ओढली आणि ती हातभर बाहेर आली. टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. भिंतीत शिरून तिथेच संपली होती! आधी मीटर लावला होता तेव्हा त्यावर कधी ९०, कधी १४० व्होल्ट दिसत होते. घर बांधल्यापासून आम्ही असेच राहत होतो. नवीन अर्थ घातला, टेस्टरचा आकडा कागदावर लिहून घेतला, मेन बोर्डाशी जोडून सगळ्या घराला दिला.

१० चौरस मिमी तांबं, २० चा एमसीबी, ए प्रकारचा आरसीसीबी, डबा ७.४ चा पण १६ वर. रात्री ११ ला सुरू होण्याचं वेळापत्रक लावलं आहे, त्यामुळे गीझरशी भांडण नाही. सकाळी उठायच्या आत केव्हाच संपलेलं असतं. लांबून आल्यावर मात्र पूर्ण भरायला रात्र पुरत नाही, तेवढं मान्य. पण अजून कधी अडलं नाही.

एक प्रश्न. पहिल्या रात्री तासाभराने एमसीबीच्या तोंडाला उलटा हात लावून पाहिला. तो कोमट, आरसीसीबी मात्र चांगलाच गरम. काळजीचं आहे का?

जुना_वायरमन

उद्या मेन बंद करून त्याच माणसाला बोलवा. आरसीसीबीचा न्यूट्रलकडचा स्क्रू बघायला सांगा. १० ची जाड वायर त्या टर्मिनलमध्ये वळून बसते आणि आवळल्यासारखी वाटते, पण पकड आलेली नसते. केबल डब्यात वरून शिरली आहे की खालून?

पहिलीच_गाडी

खालून, आणि शिरण्याआधी थोडी लोंबती सोडली आहे, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल असं तो म्हणाला.

न्यूट्रलचा स्क्रू खरंच पाऊण फेरा फिरला, काका. आता दोन्ही सारखेच कोमट. दोरी परत गच्चीवर बांधली आहे.

भाजलेली_पिन

भाऊ काय म्हणतो?

पहिलीच_गाडी

त्याने गाडी बुक केली. घरचं अर्थिंग तपासायला त्याच वायरमनला घेऊन गेलाय.