नाथसागरात होडीतून रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायचेत, आबांना नेऊ का?

गेवराईची_लेक:
माझे वडील ७१ वर्षांचे. उभी हयात शेतात गेली, होडीत कधी पाय ठेवला नाही. पेपरातला रोहितचा फोटो कापून त्यांनी पंचांगात जपून ठेवलाय. म्हणतात, "हे पाखरू एकदा जवळून दाव मला." जायकवाडी धरणाच्या बॅकवॉटरला, म्हणजे नाथसागराला, कधी नेऊ? पाण्यात साप असतात म्हणून आई नको म्हणतीय.

पैठणवारी:
ते १९८६ पासून अभयारण्य आहे, वनविभागाची परवानगी आधी घ्या. आम्ही डिसेंबरात गेलो होतो. धरण काठोकाठ, रोहित एकही नाही. पट्टकदंब, चक्रवाक, वारकरी मात्र पोटभर बघितले.

काठावरचा_भाऊ:
ताई, डिसेंबरात रोहित का दिसले नाहीत ते सांगतो. हा पक्षी गुडघाभर पाण्यात उभा राहतो, चोच उलटी करून गाळ-पाणी आत घेतो आणि बारीक किडे, शेवाळ गाळून खातो. धरण भरलेलं असलं की त्याला उभं राहायलाच जागा नाही. कालव्यांना पाणी सुटतं, काठ मागं सरकतो, गाळपेऱ्याची (पाणी ओसरल्यावर पेरतात ती गाळाची) जमीन उघडी पडते, तेव्हा तो येतो. नाथषष्ठीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस धरा.

धरणाचं उद्घाटन १९७६ ला झालं. आमची अकरा एकर काळी त्या पाण्याखाली गेली. वडिलांनी नांगर सोडला अन् जाळं धरलं. त्यामुळं माझं बालपण तराफ्यावरच गेलं. थर्माकोलचे तुकडे गोणपाटात शिवून केलेला तराफा, त्यावर दोघं जण बसायचो.

बारा वर्षांचा होतो. पहाटे जाळं ओढताना त्यात हातभर दिवड, म्हणजे पाण्यातला साप, अडकलेली निघाली. वडिलांनी जाळ्याचे दोन फास कापले. मला वाटलं, आता ती पाण्यात जाईल. तर ती तराफ्यावर चढली, माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर! वडील एवढंच म्हणाले, "पाय हलवू नको." दिवड चावकी असते, पण तिला विष नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं. ती दमली होती. बरगड्या वर-खाली होताना दिसत होत्या. ऊन अंगावर आलं, तशी हळूच पाण्यात उतरली. त्या दिवसापासून पाण्यातल्या जिवाजवळ मी घाई केली नाही. आईंना सांगा, होडी काठाला लागते तिथल्या गवतात, दगडात मात्र खाली बघून पाय टाका. तिथं विषारी सापही असू शकतो.

आता रोहितचं. सकाळी सहाला निघा. अकरानंतर वारं सुटतं. पन्नासेक किलोमीटर लांबीचं पाणी आहे, लाटा उठल्या की लहान होडी हेलकावते. लाइफ जॅकेट आबांनाही घालायलाच लावा. थवा दिसला की लांबूनच इंजिन बंद करायला सांगा. इंजिनच्या पंख्यात तंगुसाचं (नायलॉन दोऱ्याचं) जाळं अडकायची भीतीही जाते. पुढं वल्ह्यानं, हळू. पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या की तिथंच थांबा. गप्प बसलात तर थोड्या वेळानं माना परत खाली जातात अन् शेकडो चोची पाण्यात फिरल्याचा बारीक आवाज कानावर येतो.

काही जण फोटोसाठी होडी थव्यात घुसवतात, पंखाखालचा लाल रंग दिसावा म्हणून. मला ते बघवत नाही. पाण्यावर धावत धावत तो जड पक्षी उठतो, त्याचं सकाळचं खाणं तिथंच राहतं. नावाड्याला निघतानाच सांगा, उडवायचं नाही.

पैठणवारी:
हे आधी वाचलं असतं तर फेब्रुवारी-मार्चमध्येच गेलो असतो. भाऊ, दुर्बीण कोणती न्यावी?

काठावरचा_भाऊ:
८ × ४२ ची पुरे. जास्त मोठेपणाची होडीत हलते, चित्र थरथरतं.

गेवराईची_लेक:
भाऊ, सगळं आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दिवडीजवळ आल्यावर आईनं चूल सोडून ऐकलं आणि "जा मग" म्हणाली. आबांनी रोहितचं काहीच विचारलं नाही. त्यांचा प्रश्न असा, की गाळपेऱ्यात तुमच्याकडं काय घेतात?

काठावरचा_भाऊ:
हरभरा, गहू. अन् वाळूच्या पट्ट्यात टरबूज. तुमच्या आबांना बांधावरून दाखवतो, होडीतून उतरल्यावर.