मदत हवी आहे: कोर्दोबात एक पूर्ण दिवस

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन स्पेनला जातोय. माद्रिदहून सकाळच्या वेगवान रेल्वेने कोर्दोबा गाठायचं, रात्री परत. मुख्य ओढ मेस्कीताची. 785 साली सुरू झालेली ती मशीद, लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी, साडेआठशेहून जास्त खांब आणि त्यांच्या मधोमध सोळाव्या शतकात उभारलेलं कॅथेड्रल! बाबांनी आयुष्यभर बांधकामखात्यात काम केलंय, त्यामुळे तिथे घाई अजिबात करायची नाही.

अडतंय ते मदीना अझहाराशी. दहाव्या शतकातल्या खलिफाच्या राजनगरीचे हे अवशेष शहरापासून सात-आठ किलोमीटरवर आहेत. तिथे गेलो तर अर्धा दिवस जाणार, मग ज्यू वस्तीतल्या गल्ल्या, 1315 चं सिनेगॉग आणि रोमन पूल यांना न्याय मिळेल का? आईचे गुडघे दुखतात. तिथे चढउतार कितपत आहे? मला तरी मदीना अझहारा सोडवत नाही.

कुणी ज्येष्ठांसोबत दोन्ही एकाच दिवसात केलंय का? क्रम काय ठेवला? आई शुद्ध शाकाहारी आहे. साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटोचं गार दाट सूप, वरचं अंडं आणि हॅम न घालता सहज देतात का?