'आब्लार': बोललो की बोलायचो?

प्रश्न: स्पॅनिशच्या वर्गात 'आब्लार' म्हणजे 'बोलणे' हे क्रियापद चालवायला दिलंय. वर्तमानकाळ पाठ झाला: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. पण भूतकाळ दोन निघाले. 'आब्ले' आणि 'आब्लाबा', दोन्हींपुढे पुस्तकात इंग्रजी 'स्पोक'च छापलंय. मग फरक काय?

– इंग्रजी बाजूला ठेवा, हा फरक मराठीत आयता आहे. 'आब्ले' म्हणजे बोललो, झालं. 'आब्लाबा' म्हणजे बोलायचो किंवा बोलत होतो. 'आयेर आब्ले कोन मी माद्रे', काल आईशी बोललो. 'दे निन्यो आब्लाबा मुचो', लहानपणी मी खूप बोलायचो. आईशी बोलत होतो तेवढ्यात गाडी आली, यातलं बोलणं 'आब्लाबा'. गाडीचं येणं मात्र 'आब्ले'च्या काळात. रूपं अशी: आब्ले, आब्लास्ते, आब्लो, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन; आणि आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. 'आर'वाली सगळी नियमित क्रियापदं याच साच्यातली.

– 'आब्लो' दोनदा कसं आलं? मी बोलतो की तो बोलला?

– आघात बघा. 'आब्'वर जोर दिला तर मी बोलतो, 'लो'वर दिला तर तो किंवा ती बोलली. रोमन लिपीत दुसऱ्या 'आब्लो'तल्या 'ओ'च्या डोक्यावर तिरकी रेघ असते. देवनागरीत ती हरवते, म्हणून रूपं देवनागरीत उतरवून घोकू नका. (मी घोकली होती. तोंडी परीक्षेत आठवडाभर 'तो'च बोलत होता.) 'आब्लामोस' मात्र दोन्ही काळांत अगदी सारखं, तिथे 'आयेर' वगैरे शब्दांवरूनच ओळखायचं. आपलं 'बोलतो' तरी काय, मी, तो आणि आम्ही, तिघांनाही चालतंच की.

– गोव्यात हेच पोर्तुगीज 'फालार' म्हणून ऐकलंय.

– बरोबर. दोन्हींचं मूळ एकच, 'गोष्ट सांगणे' या अर्थाचं लॅटिन क्रियापद. पोर्तुगीजने सुरुवातीचा 'फ' राखला. स्पॅनिशमध्ये त्याचा 'ह' झाला आणि पुढे तोही मुका झाला. लिहिताना अजून लिहितात, उच्चारत नाहीत.

– भविष्यकाळ?

– सोपा. आख्ख्या 'आब्लार'लाच शेपूट जोडा: आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. ही शेपटं मुळात 'आबेर' या सहायक क्रियापदाची झिजलेली रूपं. बोलताना बरेचदा 'बोय आ आब्लार' म्हणतात, शब्दशः 'बोलायला जातो', अर्थ 'बोलणार आहे'. आणि 'आब्लाइस', 'आब्लास्तेइस', 'आब्लारेइस' ही 'तुम्ही लोक'ची रूपं स्पेनमधली. लॅटिन अमेरिकेत तिथे 'आब्लान', 'आब्लारोन', 'आब्लारान' वापरतात.

– आता 'खाणे', म्हणजे 'कोमेर', घेतलंय. 'पाव खाल्ला'ला 'कोमी' आलं. मग 'पोळी खाल्ली'ला?

– तेही 'कोमी'. मराठीत इथे क्रियापद कर्माच्या मागे जातं: पाव खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. स्पॅनिशमध्ये ते कर्त्याला सोडत नाही. खाणारी बाई असो की बुवा, 'मी खाल्लं' म्हणजे 'कोमी'च.