मदत हवी आहे: चार रंगांत सातपुडा जमतो, केळीची बाग जमत नाही

राम राम मंडळी. मी यावलकडची. ॲक्रिलिकमध्ये आमच्या भागाची निसर्गचित्रं करते आणि रंग मुद्दाम चारच ठेवलेत: पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड, आयव्हरी ब्लॅक. स्वीडनचे चित्रकार आंदेर्स झोर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने हा संच ओळखला जातो. आपल्या उन्हाळ्याला तो फार शोभतो. काळ्यात पांढरा घातला की येणारा राखाडी ऑकरशेजारी निळसर दिसतो, म्हणून निळ्याशिवायही सकाळचा सातपुडा उभा राहतो. नांगरलेली काळी जमीन, वाळलेल्या पऱ्हाट्या, फुफाट्याचा रस्ता, सगळं त्यातच निघतं.

अडतं ते केळीपाशी. ऑकर आणि काळा मिळून शेवाळी हिरवा होतो. बाभळीला तो चालतो, पण कांदेबागेतल्या (म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या) नव्या पानातून ऊन आरपार येतं तेव्हाचा पोपटी काही केल्या येत नाही. शिवाय चित्र साधं ठेवायचंय, आणि वाऱ्याने चिरलेली पानं, खोडाला लोंबणारी वाळकी पानं, सगळंच काढावंसं वाटतं. पाचवा रंग न घेता काय करता येईल?

प्रतिसाद:
ताई, पांढरा ठेवा, बाकी तिन्ही बदला: लेमन यलो, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा). पिवळा जास्त, निळा किंचित, की पोपटी आलाच. निळा आणि सिएना मिळून जवळजवळ काळा होतो, त्यात जमीन निघेल. पिवळ्यात थोडा सिएना म्हणजे तुमचा ऑकर. लाल मिरच्यांचं खळं काढायचं असेल तर मात्र हा संच कमी पडेल.

बागेचं म्हणाल तर डोळे किलकिले करून बघा. झाडं दिसत नाहीत, वर उजळ आणि खाली गडद असा एकच पट्टा दिसतो. तेवढाच लावा. चिरलेली पानं फक्त आकाशाला भिडणाऱ्या कडेवर, तीही दोन-चार. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, तेव्हा पोपटी जरा उजळच कालवा.

धागाकर्ती:
धन्यवाद भाऊ, कडेचं लक्षात आलं. डोंगराच्या पायथ्याची लांबची बागही अशीच पोपटी ठेवू का?

प्रतिसाद:
नको. तिच्या हिरव्यात पांढरा आणि चिमूटभर सिएना घालून तो मंद करा, नाहीतर ती बाग पुढे येईल आणि डोंगर तिला चिकटेल.