पाण्यातला ‘किडा’ म्हणायचं की आणखी काही?

मी सोलापुरात सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. परवा मुलांना हिप्परग्याच्या तलावावर नेलं होतं. जुन्या धोतराच्या फडक्याची जाळी केली, काठच्या शेवाळाजवळचं पाणी तिच्यातून काढलं, गाळ काचेच्या ग्लासात झटकला आणि ग्लास उन्हाकडे धरला. ज्वारीच्या कणीएवढे ठिपके हलत होते. काही टुणकन उडी मारून वर यायचे, क्षणभर थांबायचे, पुन्हा खाली बसायचे. काही मात्र झटक्यासरशी सरळ रेषेत पळायचे.

लगेच एक पोरगं ओरडलं, “मॅडम, पाण्यात किडं पडल्यात!” दुसरा म्हणाला, “डासाच्या अळ्या हायत, ओतून टाका.”

त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, घरोघरी पिंपं भरलेली असतात. पाण्यात काही हललं की ओतायचं, हेच त्यांना शिकवलंय. पण ग्लासातले जीव अळ्या नव्हत्या, कीटकही नव्हते. ते खेकड्या-झिंग्यांचे भाऊबंद, म्हणजे कवचधारी. पुस्तकी नावं डाफ्निया, सायक्लॉप्स. वर्गातल्या तक्त्यावर मला घरचा वाटेल असा शब्द लिहायचाय. काय लिहू?

भुईकोट: ‘पाणपिसू’ लिहा, ताई. काही जण ‘जलपिसू’ म्हणतात, पण पाणकोंबडी, पाणकावळा, पाणमांजर यांच्या पंगतीत ‘पाण’च शोभतो.

मूळ प्रश्नकर्ती: पिसू म्हटलं की रक्त पिणारी, कुत्र्याच्या अंगावरची, सहा पायांची. डाफ्निया कुणाला चावत नाही. पाण्यातलं बारीक शैवाल गाळून खाते. मुलांच्या मनात उगाच किळस बसेल.

भुईकोट: पाणघोडा तरी कुठे घोडा आहे? आपल्या भाषेत ‘पाण’ हा उपसर्गच सांगतो की हा तसा दिसतो, पण तो नव्हे. आणि पिसवेची ओळख तिच्या उडीनं. डाफ्नियाही डोक्याजवळच्या लांब, फांद्या फुटलेल्या मिशांनी पाणी मारून उडीच घेते. अनेकवचन मात्र ‘पिसवा’ करा, ‘पाणपिसू दिसले’ कानाला खटकतं.

हुलगा: आमच्या घरात तेलुगू. किडा असो, अळी असो, सगळ्याला ‘पुरुगु’. शेजारी कन्नड, त्यांचं ‘हुळ’. तेव्हा सगळ्याला एकच शब्द ही काही एकट्या मराठीची गोष्ट नाही. मला वाटतं, पोटापुरतं पाणी भरणाऱ्या माणसाला एवढाच भेद लागायचा: पाण्यात जीव आहे की नाही. माझी आजी ‘किडे’ म्हणत नसे. “पाण्याला जीव पडलेत, दुपदरी फडक्यानं गाळ” असं म्हणायची.

जुना सातरस्ता: आजीचं बरोबर होतं, आणि त्यामागे मोठं दुखणं आहे: नारू. पायऱ्यांच्या विहिरीत नारू झालेल्या माणसानं पाय बुडवला की जखमेतून नारूच्या बारीक अळ्या पाण्यात सुटायच्या. त्या सायक्लॉप्स गिळायचा. ते पाणी कुणी तसंच प्यालं की साधारण वर्षभरानं त्याच्या पायातून हातभर लांब जंत बाहेर येऊ लागायचा. सायक्लॉप्स दाट फडक्यात अडकतो, एवढ्या साध्या गोष्टीनं किती माणसं वाचली! देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. जाता जाता, ‘कारू-नारू’तला नारू वेगळा. तिथे कारू म्हणजे बलुतेदार आणि नारू म्हणजे अलुतेदार. मुलं ही गल्लत करतात.

म्हणून माझं म्हणणं, सायक्लॉप्सला पाणपिसू म्हणू नका. दोघांना एकाच शब्दात कोंबलं तर नारूची गोष्ट भलत्याच्या माथी जाईल.

मूळ प्रश्नकर्ती: हे फार पटलं. ग्लासात झटक्यानं पळणारे होते ते सायक्लॉप्सच. एका मादीच्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या लोंबत होत्या, गाढवावरच्या गोणींसारख्या. सायक्लॉप्स हे नाव ग्रीक कथांमधल्या एकाक्ष राक्षसाचं, कारण याच्याही कपाळावर एकच डोळा. त्याच्या गटाचं शास्त्रीय नाव कोपेपोडा, अर्थ ‘वल्ह्यासारखे पाय असलेले’. मग ‘वल्हेपाय’ का नको? ‘अरित्रपाद’ हा संस्कृत शब्द बिनचूक आहे, पण अरित्र म्हणजे वल्हं हे आधी सांगावं लागेल. उजनीच्या फुगवट्यावरच्या मुलाला वल्हं सांगावं लागत नाही.

ऑस्ट्राकोडांचंही तसंच. दोन शिंपल्यांत मिटलेले, हुलग्याच्या दाण्यासारखे दिसणारे बारके जीव. ग्रीक ‘ऑस्ट्राकॉन’ म्हणजे खापरीचा तुकडा. आपल्याकडे ‘खापरी’ तयारच आहे.

आणि सगळ्यांत सुंदर शब्द मला डाफ्नियाच्या अंड्यांसाठी सापडला. दिवस बरे असतात तोवर माद्या नराविनाच पिल्लं देतात, तीही माद्याच. पिल्लं पाठीच्या पारदर्शक कप्प्यात वाढताना भिंगातून दिसतात. तळं आटायला लागलं, गर्दी वाढली की नर जन्मतात आणि मिलनानंतरची अंडी पाठीवरच्या जाड, काळपट वेष्टनात बंद होतात. कात टाकताना ते वेष्टन गळून चिखलात पडतं, वर्षानुवर्षं कोरडं राहतं आणि पाणी आलं की अंडी फुटतात. शास्त्रात त्याला ‘एफिपियम’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ घोड्याच्या पाठीवरचं खोगीर! आपण सरळ ‘खोगीर’ म्हणावं. दुष्काळी तलावाच्या भेगाळलेल्या तळात अशी खोगिरं पहिल्या पावसाची वाट बघत पडलेली असतात.

भुईकोट: पाण्यात तरंगणाऱ्या या सगळ्या बारक्या जिवांना मिळून ‘प्राणिप्लवक’ राहू द्या. प्लु धातूत तरंगणंही आहे आणि उडी मारणंही. प्लव म्हणजे होडी, आणि बेडूकसुद्धा.

हुलगा: उजनीवर येणारा रोहित पक्षीही तक्त्यावर घ्या. रोहित म्हणजे तांबूस. हा रंग मूळचा शैवालाचा. पक्षी शैवाल खातो, शैवालावर वाढलेले कवचधारीही खातो, त्यातून रंग पंखात उतरतो.

मूळ प्रश्नकर्ती: घेतला. आज तक्ता लावला: पाणपिसू, वल्हेपाय, खापरी, खोगीर, आणि कोपऱ्यात रोहित. ‘किडं’ म्हणणाऱ्या पोराला वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं आणि विचारलं, “मॅडम, आमच्या पिंपातल्या अळीला काय म्हणायचं?” म्हटलं, अळीच म्हणायचं, आणि पिंप घासून कोरडं करायचं.